एअर फ्रायरमधले वांगे आणि तेलाचा डबा

एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक तपासणीसाठी सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आले होते. वय एकसष्ट. वर्षभरापूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. सोबत पत्नी. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने दिवाळीत एअर फ्रायर आणून दिला आणि तेव्हापासून घरात कढई चढलेली नाही, हे काकूंनी खुर्चीवर टेकण्याआधीच सांगून टाकले. काकांचा जीव वांग्याच्या कापांवर. आजारपणानंतर ते महिन्यातून एकदोनदा मिळायचे. यंत्र आल्यावर आठवड्यातून तीनदा होऊ लागले. एवढे करूनही रक्ताच्या अहवालात एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ११८ निघाले. स्टेंट बसवलेल्या माणसात ते ७० च्या खाली, जमल्यास त्याहूनही कमी असावे लागते. काकू हिरमुसल्या. "अहो, तेलाचा थेंब नाही घालत मी त्यात," असे दोनदा म्हणाल्या.

तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी वांग्याबद्दल काहीच विचारले नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "पंधरा किलोचा डबा किती दिवस पुरतो?"

काकूंनी बोटांवर हिशेब केला. तीन महिने. यंत्र येण्याआधी किती पुरायचा? तेव्हाही तीनच महिने. घरात माणसे चार.

हा हिशेब कुणालाही करता येतो आणि प्रत्येक घराने एकदा करून पाहावा. पंधरा किलो तेल नव्वद दिवसांत चार माणसांनी संपवले, म्हणजे रोज माणशी ४१ ते ४२ ग्रॅम. बैठे काम करणाऱ्या प्रौढाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम दृश्य तेल-तूप पुरे, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनावरून म्हणता येते. त्या मापाने हाच डबा चार ते पाच महिने पुरायला हवा. बाहेरचे वडे, फरसाण, लग्नातले जेवण यांतले तेल या हिशेबात आलेलेच नाही.

मग यंत्र खोटे का? तसे नाही. एअर फ्रायरबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एका टोकाला जाहिराती, दुसऱ्या टोकाला "त्याने कर्करोग होतो" असे सांगणारे मोबाइलवरचे संदेश. दोन्हींच्या मध्ये एक साधी गोष्ट हरवते : हे यंत्र काही पदार्थांत खरोखर तेल वाचवते, आणि त्या पदार्थांत वांग्याचा क्रमांक फार वरचा आहे. पण ते तेल वाचवते फक्त त्या पदार्थातले. घरातले नव्हे.

आधी वांग्याकडे पाहू. शंभर ग्रॅम कच्च्या वांग्यात नव्वद ग्रॅमहून अधिक पाणी असते, उष्मांक जेमतेम २५ आणि स्निग्धांश नगण्य. इतकी हलकी भाजी कढईतून बाहेर येताना एवढी जड का होते, याचे उत्तर तिच्या गरात आहे. वांग्याचा गर दाटीवाटीने भरलेला नसतो. त्यातल्या पेशींच्या मध्ये हवेच्या असंख्य पोकळ्या असतात. म्हणून वांगे हातात घेतले की आकाराच्या मानाने हलके लागते आणि दाबले की स्पंजासारखे परत वर येते. स्पंज पाण्यात टाकला तर जे होते तेच वांग्याची फोड तेलात टाकल्यावर होते. स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकीला हे ठाऊक आहे : तव्यावर काप टाकावेत, दोन मिनिटांत तवा कोरडा, पुन्हा तेल सोडावे, पुन्हा कोरडा. तेल जाते कुठे, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

त्यात तळण्याच्या क्रियेचीही भर पडते. गरम तेलात पदार्थ पडला की त्यातले पाणी वाफ होऊन जोराने बाहेर येते. ते बुडबुडे येत असतात तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. पदार्थ बाहेर काढला, गार होऊ लागला, की आतल्या वाफेचे पाणी होते, पोकळ्यांमध्ये दाब कमी होतो आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल आत ओढले जाते. म्हणजे बरेचसे तेल कढईबाहेर, ताटलीत असताना मुरते. म्हणून तळलेला पदार्थ झाऱ्यावर नीट निथळून लगेच कागदावर ठेवणे आणि दोन्ही बाजूंनी टिपणे याला अर्थ आहे. दहा मिनिटांनी टिपून फारसे काही हाती लागत नाही.

तेलाचे गणित डोळ्यांना दिसत नाही, कारण तेल जागा व्यापत नाही. एका लहान चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल मावते आणि ते ४० उष्मांक देते. शंभर ग्रॅम वांग्याने चार चमचे तेल पिऊन घेतले, तर २५ उष्मांकांची भाजी १८५ वर जाते. चव वाढते, हे खरेच. जीभ काही उगीच मागत नाही.

आता यंत्र. नेदरलँड्समधल्या फ्रेड व्हॅन डर वे यांच्या कल्पनेवर आधारलेले हे उपकरण फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात आणले. नावात 'फ्रायर' असले तरी त्यात तळण होत नाही. वर तापणारी तार, तिच्यावर पंखा, खाली जाळीचे भांडे. १८० ते २०० अंशांची हवा पदार्थाभोवती वेगाने फिरते आणि त्याचा पृष्ठभाग वाळवत भाजते. आपल्या भाषेत सांगायचे तर ही एक लहान, वाऱ्याची भट्टी आहे. हवा तेलाइतक्या झटपट उष्णता पोचवू शकत नाही, म्हणून कढईत चार मिनिटांत होणारे काप इथे बारा-पंधरा मिनिटे घेतात. आणि तेल अजिबात लावले नाही तर वरचा रवा पांढराच राहतो, खाताना घशाला टोचतो. काकूंचे काप तसेच होत असावेत, कारण काका ते दह्यात बुडवून खात होते, असे त्यांच्याच बोलण्यात आले.

बिनतेलाचा हट्ट धरण्याचे कारणही नाही. शरीराला काही स्निग्धाम्ले बाहेरूनच घ्यावी लागतात. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शोषली जायला थोडे तेल लागतेच. चौघांसाठी मोठ्या वांग्याचे काप करायचे असतील तर अर्ध्या बोटाच्या जाडीचे काप करावेत, मीठ-हळद-तिखट लावून पंधरा मिनिटे ठेवावेत, सुटलेले पाणी फडक्याने टिपावे. तांदळाचे पीठ आणि रवा यांच्या मिश्रणात दोन लहान चमचे तेल चोळून घ्यावे आणि त्यात काप घोळवावेत. तेल वरून शिंपडण्यापेक्षा पिठात चोळलेले सगळीकडे सारखे बसते. भांड्यात काप एकावर एक रचू नयेत, हवा फिरली नाही तर ते वाफवले जातात. १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे, मध्ये एकदा उलटून. माणशी तेल पडते दोन-सव्वादोन ग्रॅम. कढईतल्या कापांची ऐट त्यांना येत नाही, पण कुरकुरीत होतात आणि आतून लोण्यासारखे मऊ राहतात. ज्याला रक्तवाहिन्यांचा आजार आहे अशा माणसाला हा सौदा महागात पडत नाही.

इथे एक सावधगिरी मिठाची. पाणी सुटावे म्हणून काही जणी सढळ हाताने मीठ घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा. काही मीठ पाण्याबरोबर निघून जाते, सगळे नाही. तेल वाचवताना मीठ वाढले, तर रक्तदाबाच्या रुग्णाने कमावले काय?

खरे म्हणजे वांगे आणि तेल यांचा हा तिढा आपल्या स्वयंपाकघराने यंत्राशिवाय फार पूर्वी सोडवलेला आहे. त्याला भरीत म्हणतात. वांगे विस्तवावर भाजले की आतल्या पेशी ढासळतात, हवेच्या पोकळ्या बुजतात आणि स्पंज उरतच नाही. मग त्या मऊ गरावर फोडणी घातली तरी तो ती पिऊन टाकत नाही. तेल वर दिसत राहते, त्यामुळे हातही आपोआप आवरतो. आधी वांगे शिजवायचे आणि तेलाची गाठ नंतर घालून द्यायची, एवढेच हे सूत्र. खानदेशात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे भरीत ज्यांनी खाल्ले आहे त्यांना यंत्रातले भरीत फिके वाटेल, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते उगीच नाही. पण शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात विस्तव कुठला? चातुर्मास संपून चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवताना बहुतेक घरांत वांगे गॅसच्या ज्योतीवरच भाजले जाते, शेगडी माखते आणि बाजूचे अर्धे वांगे कच्चे राहते. एअर फ्रायरमध्ये ते सगळीकडून सारखे भाजते. सुरीने चारपाच ठिकाणी टोचून, वरून तेलाचा बोटभर हात फिरवून, २०० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटे. टोचायला विसरू नये. आत वाफ कोंडली की वांगे फुटते आणि मग यंत्र पुसण्यात सकाळ जाते. धुराचा वास हवाच असेल तर शेवटी मिनिटभर ज्योतीवर धरावे.

दीड हजार वॉटचे यंत्र वीस मिनिटे चालले तर अर्धे युनिट वीज जाते. तेवढा भार साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर टाकू नये, जाड पिनेच्या सॉकेटलाच लावावे. जाळीचे अस्तर तारेच्या घासणीने खरवडू नये. यंत्राबद्दल सांगण्यासारखे एवढेच.

भरल्या वांग्यांचे प्रकरण मात्र थोडे अवघड आहे आणि फसगत इथेच होते. "तेल न घालता एअर फ्रायरमध्ये भरली वांगी" असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. मसाल्यात काय असते? दाण्याचे कूट, सुके खोबरे, तीळ. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मा भाग स्निग्धांश आहे. सुक्या खोबऱ्यात तो साठ टक्क्यांच्या वर जातो आणि त्यातला बहुतेक संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारा. चौघांच्या भाजीत शंभर ग्रॅम कूट आणि तीस ग्रॅम खोबरे घातले, तर तेलाचा थेंबही न घालता अंदाजे ६५ ते ७० ग्रॅम स्निग्धांश त्यात आला. माणशी सोळा-सतरा ग्रॅम, म्हणजे साडेतीन चमचे तेल. याचा अर्थ भरली वांगी खाऊ नयेत असा नाही. दाण्यातले तेल बव्हंशी असंपृक्त असते, सोबत प्रथिने आणि तंतू मिळतात; त्याची गणना वनस्पती तुपाशी करणे अन्याय होईल. खोबरे निम्मे करून तिथे भाजलेले बेसन किंवा जास्तीचा कांदा वापरला तर चव फारशी बिघडत नाही. मुद्दा इतकाच की बाटलीतून न ओतलेले तेलही तेलच असते आणि यंत्राला ते काढून घेता येत नाही. पूर्वीच्या रश्श्यातल्या वांग्यांवर निदान तर्री तरंगायची, ती चमच्याने बाजूला करता यायची.

काकूंच्या डब्याकडे परत येऊ. तेल जात होते कुठे? आहारतज्ज्ञ बाईंनी दिवस मोजायला घेतला. सकाळच्या पोह्यांना तीन मोठे चमचे. दोन वेळच्या भाज्यांना तीन-तीन. आमटीच्या फोडणीला दोन. कणकेत आणि पोळीवर मिळून एक. झाले बारा. मोठ्या चमच्यात चौदा ग्रॅम धरले तर १६८ ग्रॅम, चौघांत भागिले तर माणशी ४२. डब्याचा हिशेब तंतोतंत जुळला. यात तळण कुठेच नव्हते. समजा घरी आठवड्यातून तीनदा काप कढईत तळले असते आणि दर वेळी चार मोठे चमचे तेल त्यांत मुरले असते, तरी ते आठवड्याचे बारा चमचे झाले असते. म्हणजे एका दिवसाचे तेल. ज्या घरात महिन्यातून एकदोनदाच काप होत, तिथे यंत्राने वाचवायला जवळ जवळ काही नव्हतेच. तळण हा आपल्याकडे तेलाचा दिसणारा, अपराधी वाटायला लावणारा चेहरा आहे. खरा खर्च रोजच्या फोडणीत होतो, आणि फोडणीचा अपराध कुणाला वाटत नाही.

त्यात या यंत्राने एक नवी वाट उघडून दिली आहे. ज्या घरात पूर्वी बटाट्याचे चिप्स वर्षातून दोनदा, उपवासाच्या निमित्ताने होत, तिथे आता शीतकपाटात गोठवलेल्या फ्राइजची पाकिटे असतात. "एअर फ्रायरमध्येच केलेत" या वाक्याने सगळे माफ होते. पण असे बरेचसे पदार्थ कारखान्यात आधीच तेलातून, अनेकदा पाम तेलातून, काढलेले असतात, आणि पाम तेलात निम्मे स्निग्धांश संपृक्त असतात. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत ते छापलेले असते. शिवाय बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे तापवले की त्यांत ॲक्रिलामाइड हे रसायन तयार होते. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ते अन्नात दाखवून दिले. ते प्राण्यांत कर्करोगकारक ठरले आहे, माणसांत खाण्यातून होणारा धोका अजून सिद्ध झालेला नाही. एअर फ्रायरमध्ये ते बनतच नाही, हा समज चुकीचा आहे. पदार्थ जितका काळपट, तितके ते जास्त. सोनेरी झाले की थांबावे, हा नियम कढईला आणि यंत्राला सारखाच लागू. मोबाइलवर फिरणारा "एअर फ्रायरने कर्करोग" हा संदेश या अर्धवट माहितीतून जन्माला आलेला आहे. त्यातले खरे इतकेच, आणि त्याचा संबंध यंत्रापेक्षा बटाट्याशी व त्याच्या रंगाशी अधिक आहे.

यंत्राच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. आपल्याकडे तळणीचे उरलेले तेल फेकले जात नाही. गाळून ठेवले जाते आणि पुन्हा तापवले जाते. वारंवार तापवल्याने तेलात ध्रुवीय संयुगे वाढतात. ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरू नये, अशी मर्यादा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने घातलेली आहे, पण घरात ते मोजणार कोण? तेल काळपट झाले, दाट झाले, लवकर धूर सोडू लागले, हीच काय ती ओळख. ज्या घरातून तळणीचे तेल हद्दपार झाले तिथून हा प्रश्नही गेला. तेलाचा डबा कमी होवो न होवो, हा फायदा खराच आहे.

चारपाच हजारांपासून पुढे किंमत असलेले हे यंत्र डॉक्टरांनी औषधासारखे सुचवावे का? सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तेवढ्या पैशांत कित्येक महिन्यांची भाजी येते. त्याच्या घरी एक तवा आणि एक झाकण असतेच. वांग्याचे काप आधी पाण्याचा हबका मारून झाकणाखाली पाचसात मिनिटे वाफवावेत, ढासळू द्यावेत, मग झाकण काढून पाणी आटू द्यावे आणि शेवटी कडेने चमचाभर तेल सोडून दोन्ही बाजू खरपूस कराव्यात. स्पंज आधीच मोडलेला असल्याने तवा कोरडा पडत नाही. भरितासारखेच सूत्र, वेगळ्या भांड्यात. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याने ते जरूर वापरावे. ज्याच्याकडे नाही त्याने काही गमावलेले नाही, आणि डॉक्टरांनी त्याला तसे वाटायला लावू नये.

वांग्याबद्दल बाह्यरुग्ण विभागात विचारले जाणारे बाकीचे प्रश्न थोडक्यात. मधुमेह्याने वांगे खावे का? खुशाल, साखर चढवण्याजोगे त्यात फार काही नाही, तंतू बऱ्यापैकी आहेत. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पालेभाज्यांच्या आणि बटाट्याच्या तुलनेत यात पोटॅशियम कमी, पण प्रमाण डॉक्टरांना विचारूनच. वांग्याने सांधे धरतात, ही समजूत घरोघर आहे, तिला भक्कम पुरावा नाही. मात्र वांगे खाल्ल्यावर ज्यांच्या तोंडाला खाज सुटते किंवा अंगावर पित्त उठते, त्यांनी ते खाऊ नये. तो अनुभव खोटा नसतो. साल काढू नये, जांभळ्या सालीतले अँथोसायनिन उपयोगी असते आणि ते पाण्यात उतरते, म्हणून उकडून पाणी ओतून देण्यापेक्षा भाजणे बरे.

आणि वांग्याने कोलेस्टेरॉल उतरते का? ब्राझीलमध्ये यासाठी वांग्याचा रस आणि अर्क घेण्याची टूम बरीच वर्षे होती. २००४ च्या सुमारास तिथल्याच डॉक्टरांनी वांग्याच्या अर्काची तुलना लोव्हास्टॅटिन या औषधाशी केली. औषधाने कोलेस्टेरॉल उतरले, वांग्याने नाही.

हे उदाहरण इथे देण्याचे कारण काकांच्या पिशवीत होते. तेलाचा हिशेब संपल्यावर निवासी डॉक्टरने गोळ्यांची पाकिटे टेबलावर काढायला सांगितली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बरोबर संपत आलेल्या. त्या चुकल्या तर स्टेंट बंद पडेल ही भीती काकांच्या मनात पक्की होती. रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी मात्र महिन्याच्या तीसपैकी एकोणीस शिल्लक. काकूंना हे ठाऊक नव्हते. काका खिडकीकडे बघत म्हणाले, "तेलच बंद केलंय, म्हटलं मग ही एक गोळी तरी कमी करावी. किती गोळ्या खायच्या माणसाने?"

त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दिवसाला सात-आठ गोळ्या गिळणाऱ्या माणसाला त्यातली एक कमी करण्याची मुभा कुठून तरी हवीच असते, आणि मुलाने प्रेमाने आणलेल्या चकचकीत यंत्राने ती दिली. पण रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतः तयार करते. खाण्यात चांगला बदल केला तर एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. पूर्ण मात्रेतले स्टॅटिन ते निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरवते. स्टेंट एका अरुंद जागेपुरता असतो, बाकीच्या रक्तवाहिन्यांचे संरक्षण ही गोळी करते. तेल कमी करणे हे गोळीच्या जोडीचे काम आहे, गोळीच्या बदल्यात करायचे नव्हे. निवासी डॉक्टरने हे सांगितले तेव्हा काकांनी मान हलवली, पण पटल्यासारखे दिसले नाही. गोळीने पाय दुखतात असे कुणीतरी सांगितले होते, तेही मग बाहेर आले. खरोखर दुखत होते का? नाही. दुखले तर सांगा, मात्रा बदलता येते, दुसरी गोळी देता येते, मनाने बंद करू नका, असे ठरले.

"मग यंत्राचं काय करू?" काकूंनी उठता उठता विचारले. त्यांचा स्वर थोडा दुखावलेला होता.

"वापरा की," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "वांगं, भेंडी, कारलं, मासे, सगळं करा त्यात. पिठाला चमचा-दोन चमचे तेल लावा, म्हणजे काकांना दह्यात बुडवावं लागणार नाही. फक्त फोडणीला बाटली उलटी करू नका, चमचा वापरा. पोह्यांना तीनाचे दोन. भाजीला तीनाचे दोन. आमटीला एक. आणि नवा डबा फोडाल त्या दिवशी त्याच्यावर तारीख लिहा."

बारा चमच्यांचे आठ होत होते. काकूंनी मनातल्या मनात भागाकार केला आणि विचारले, "म्हणजे साडेचार महिने?"

बाईंनी होकार दिला. पुढच्या तपासणीची तारीख तीन महिन्यांनंतरची होती. येताना गोळ्यांची रिकामी पाकिटेही आणा, असे निवासी डॉक्टरने काकांना दोनदा बजावले.